फर्स्ट शिफ्टची पोरं

(दृश्य : चाकण, तळेगाव चौक. पहाटे साडेपाच. कंपन्यांच्या बस.)

फर्स्ट शिफ्टची पोरं बसची वाट बघत उभी आहेत. गाव विचारलं की उत्तरं येतात, लातूर, बीड, नांदेड, हिंगोली. राहायला कॉट बेसिसवर. एक जण नाइट करून येतो तेव्हा दुसरा कामाला निघतो, खाट तीच.

आता गंमत बघा. या पोरांना गाव सोडावं लागू नये, कारखान्यांनीच तिकडे जावं, यासाठी राज्य सरकार १९६४ पासून पैसे मोजतंय. सामूहिक प्रोत्साहन योजना. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातली दाटी कमी करायची, म्हणून तालुक्यांचे गट पाडले : अ, ब, क, ड आणि ड+. तालुका जितका मागास, तितकं पुढचं अक्षर. पुणे, पिंपरी-चिंचवड 'अ' गटात, म्हणजे सवलतीच्या रांगेत शेवटी. मागास तालुक्यात कारखाना काढला तर मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, भरलेल्या राज्य जीएसटीचा परतावा. हिंगोली-गडचिरोलीसाठी तर 'विनाउद्योग जिल्हा' असा वेगळाच रकाना. नावातच सगळं आलं.

(दृश्य : वाळूज, कारखान्याचं फाटक.)

योजना अगदीच फसली, असं नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९८५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूजला कारखाना काढला. मागोमाग सुटे भाग बनवणारे आले आणि वाळूज उभं राहिलं.

पण असं वाळूज दर जिल्ह्यात झालं नाही. गाडी बनवायची तर पत्रा दाबून आकार देणारा प्रेसिंगवाला, तापलेलं लोखंड ठोकून घडवणारा फोर्जिंगवाला, साचे बनवणारा टूलरूमवाला हाकेच्या अंतरावर लागतो. भोसरीत तो गल्लीत सापडतो. शिवाय द्रुतगती मार्गाने न्हावाशेवा बंदर जवळ. परतावा मिळतो तो माल बनून विकला गेल्यावर, ट्रकचं भाडं मात्र पहिल्या दिवसापासून. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तो चाकणलाच. आणि गुंतवणूक भरभक्कम असेल, तर 'विशाल प्रकल्प' म्हणून सरकार वेगळं पॅकेज देतं. तिथे तालुक्याच्या अक्षराची धार बोथट होते.

(दृश्य : पिंपरी, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जुनी इमारत.)

पुणेकरांना वाटतं, उद्योग इथे आपसूक आले. छे! पेनिसिलीन बनवणारा हा कारखाना १९५४ मध्ये केंद्र सरकारने स्वतः काढला. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्य सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली. तिने जमीन घेतली, रस्ते आखले, पाण्याची लाइन टाकली. इथे सरकार आधी स्वतः उतरलं. मागास तालुक्यात मात्र त्याचा भर राहिला तो कर सोडून देण्यावर.

(दृश्य : संगमवाडी, ट्रॅव्हल्सचा तळ. दिवाळीची आदली रात्र.)

कंपनीने दिलेला मिठाईचा बॉक्स मांडीवर. हिंगोलीची गाडी भरली आहे. क्लीनर मधल्या वाटेत प्लॅस्टिकचे स्टूल टाकतोय.