बाग बघायची तर बहरात बघा

मंडळी, विषय दिलाय ‘मुंबईतल्या सार्वजनिक आणि खाजगी बागा’, आणि मला खरं बोलायचंय ते खाजगी बागांबद्दल, पण आधी राणीच्या बागेत जाऊन येऊ. इथे बसलेल्या सगळ्यांनी ती पाहिलीय. पण पाहिलं काय? लहानपणी हत्ती आणि माकडं, आता नातवंडांचा हात धरून पेंग्विन. अहो, १८६२ साली ती उघडली ती झाडांची बाग म्हणून, प्राणी नंतर आले!

तिथे उर्वशी नावाचं झाड आहे. मूळची ब्रह्मदेशची, तिकडे मठांच्या आवारात लावतात आणि फुलं बुद्धाला वाहतात. जानेवारी-फेब्रुवारीत जा, लालभडक फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबत असतात, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. पेंग्विनच्या रांगेतली माणसं तिच्याजवळून जातात आणि वर बघतच नाहीत, मला अगदी हात धरून थांबवावंसं वाटतं एकेकाला. कैलासपती तर खोडातूनच फुलतो, मान वर करायचीही गरज नाही, फुलात मधोमध पिंडी आणि वर नागाची फणा, आणि वास असा की बस. मुलांना फळं दाखवा, तोफगोळ्याएवढी असतात, पण झाडाखाली उभं करू नका हं! गोरखचिंच मूळची आफ्रिकेतली, तिचा बुंधा चार मुलांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करायचा, एवढ्यासाठी तरी जा. बुधवारी बंद असते, लक्षात ठेवा.

हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर आहे, माहीमचं निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डम्पिंगवर उभं राहिलंय, दोन्हीवर तासभर बोलता येईल पण चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत.

तर खाजगी. दादरला एका सोसायटीत सीतेचा अशोक आहे, रस्त्यावरून अर्धाच दिसतो. वॉचमन म्हणाला सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी म्हणाले लेखी अर्ज द्या, अर्ज कमिटीच्या मीटिंगला जाणार, आणि मीटिंग होईपर्यंत बहर संपला. झाड काय कोरमसाठी थांबतं का हो! वॉचमनचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नाही की झाड बघायला पण माणूस येऊ शकतो.

इंग्लंडात १९२७ पासून लोक आपल्या घरच्या बागा ठराविक दिवशी उघडतात, तेव्हा माणशी एक शिलिंग घ्यायचे आणि पैसे नर्सिंगच्या कामाला द्यायचे. आपल्याला तेवढं मोठं नको. वर्षातला एक रविवार, तोही झाड फुलेल त्या महिन्यातला, अशोकाला फेब्रुवारी-मार्च, ताम्हणाला एप्रिल-मे, सकाळी दोन तास गेट उघडं, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, झाडाला नावाची पाटी, आणि पाटी खिळा ठोकून नाही, सुतळीने बांधून. तुमच्यातले निम्मे तरी कुठल्यातरी कमिटीवर असाल, पुढच्या एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, नोटिशीत हा विषय घालाच, आणि ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये नको, तिथे पोचेपर्यंत सगळे चहाला उठलेले असतात.