रात्रीसाठी जन्मलेली शर्यत

श्रोतेहो, नमस्कार.

जून महिन्यातला एक शनिवार डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेत, दिवेलागण झाली आहे. त्याच क्षणी फ्रान्समध्ये दुपारचे चार वाजलेले असतात, ऊन लख्ख असतं, आणि पॅरिसच्या नैर्ऋत्येला साधारण दोनशे किलोमीटरवर असलेल्या ल माँ या गावात साठेक गाड्यांसमोर झेंडा हलतो. त्या गाड्या थांबतात थेट दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता. मधल्या चोवीस तासांत जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापेल ती जिंकली. आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंग वाचून तिला बरेच जण ‘ले मान्स’ म्हणतात. नाव कसंही घ्या, आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे.

तिच्याकडे मी ओढला गेलो तो वेगामुळे नव्हे. माझी उमेदीची वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली, त्यातली कितीतरी रात्रपाळीत. ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना पहाटेचे तीन म्हणजे काय ते सांगायला नको. मशीन दुपारी चालतं तसंच चालत असतं, पण माणूस बदललेला असतो. हातातला मायक्रोमीटर एकदा वाचून भरवसा वाटत नाही, पुन्हा वाचावा लागतो. तोंडावर पाणी मारून आलं की दहा मिनिटं बरी जातात, मग पुन्हा डोळे जड. माल पास होतो की रिजेक्ट, हे बऱ्याचदा त्या दोन तासांत ठरतं. ल माँची शर्यत या वेळेसाठीच काढली गेली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती मला एकदम आपली वाटली.

झालं असं. ऑक्टोबर १९२२. पॅरिसमध्ये मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे तीन माणसं बोलत बसली. जॉर्ज ड्युराँ हे पश्चिम फ्रान्समधल्या मोटार क्लबचे सरचिटणीस. शार्ल फारू हे मोटारींवर लिहिणारे नावाजलेले पत्रकार. आणि एमिल कोकिय हे तारांची चाकं बनवणाऱ्या रज-व्हिटवर्थ या इंग्रज कंपनीचे फ्रान्समधले प्रतिनिधी. त्या काळात शर्यती खूप होत होत्या, पण त्यात धावणाऱ्या गाड्या निव्वळ शर्यतीच्या. सामान्य माणूस जी गाडी विकत घेत होता तिची दुखणी वेगळीच होती: दिवे मंद, चालता चालता विझणारे, सेल्फ-स्टार्टर बेभरवशाचा, पावसात हूड, म्हणजे वरचं कापडी छत, गळणारं. कोकियांच्या डोक्यात होतं की या सगळ्या वस्तूंचा कस लागेल असं काहीतरी करावं. कंपनीकडून त्यांनी एक लाख फ्रँक आणि एक चषक देऊ केला. फारूंनी सुचवलं, आठ तासांची शर्यत ठेवू, अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. ड्युराँ म्हणाले, आठ कशाला, चोवीस तास धावू द्या.

आठ तासांच्या शर्यतीत माणूस दम धरून अंधार काढतो. चोवीस तासांत रात्र अख्खी पार करावी लागते, आणि ती पार केल्यावर थकलेल्या गाडीत, थकलेल्या अंगाने पुन्हा अख्खा दिवस समोर उभा राहतो. ड्युराँ यांच्या एका वाक्याने शर्यतीची जातच बदलली असं मला वाटतं.

ल माँच का, असंही कुणी विचारेल. या गावाला मोटारीचं वेड जुनंच. घंटा ओतणाऱ्या घराण्यातल्या आमेदे बोले यांनी इथे १८७३ मध्ये वाफेवर चालणारी गाडी बनवली आणि दोन वर्षांनी ती चालवत पॅरिसला नेली. १९०६ मध्ये पहिली फ्रेंच ग्राँ प्री ही मोठी मोटारशर्यत झाली ती याच परिसरातल्या रस्त्यांवर. विल्बर राइट यांनी १९०८ मध्ये आपलं विमान युरोपात पहिल्यांदा उडवून दाखवलं तेही याच गावाजवळच्या युनोदियेरच्या घोडेमैदानावर.

२६ मे १९२३, दुपारी चार वाजता पहिली शर्यत सुटली. तेहतीस गाड्या. एक फेरी सव्वासतरा किलोमीटरची, कच्च्या-पक्क्या रस्त्यांची. सुरुवातीलाच पाऊस आणि गारा! गाड्या उघड्या, चिखल तोंडावर, खडी पुढच्या गाडीच्या चाकातून गोळीसारखी येणारी. अशा रात्रीत तेहतीसपैकी तीस गाड्या शेवटपर्यंत टिकल्या. सर्वांत जास्त अंतर कापलं आंद्रे लागाश आणि रेने लेओनार यांच्या शनार-वॉकर गाडीने, २२०९ किलोमीटर. पण त्यांना विजेता म्हणून जाहीर केलं नाही, कारण चषक होता तीन वर्षांच्या मिळून कामगिरीचा आणि प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या आकारानुसार किमान अंतर ठरवून दिलेलं होतं.

मला त्या शर्यतीतली आठवते ती इंग्लंडहून आलेली एकुलती एक बेंटली. चालक दोन, जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट. गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. रात्री एका दगडाने त्यांचा दिवा फोडला, तरी ते चालवत राहिले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दगडाने पेट्रोलच्या टाकीला भोक पाडलं आणि गाडी लांब रस्त्यात कोरडी पडली. डफ तिथून पायी पिटमध्ये, म्हणजे गाड्या इंधनाला आणि दुरुस्तीला थांबतात त्या जागी, आले. क्लेमंट यांनी एक सायकल मागून घेतली, पेट्रोलचे डबे घेतले, आणि समोरून शर्यतीच्या गाड्या येत असताना त्याच रस्त्यावरून उलट्या दिशेने सायकल मारत गाडी गाठली. भोक बुजवलं, सायकल गाडीत टाकली आणि परत आले. एवढा वेळ जाऊनही बेंटली चौथी आली, आणि सर्वांत वेगवान फेरीही तिचीच होती.

त्या काळचे नियम गाडीचा मालक समोर ठेवून केलेले होते. दुरुस्ती करायची ती चालकानेच, तीही गाडीत बरोबर घेतलेल्या पान्यांनी आणि सामानानेच. हूडसाठीही नियम होता, चालकाने ते स्वतः चढवून दाखवायचं. १९२५ पासून सुरुवातीची ती प्रसिद्ध पद्धत आली. गाड्या रस्त्याच्या एका कडेला तिरक्या उभ्या, चालक दुसऱ्या कडेला. झेंडा पडला की धावत रस्ता ओलांडायचा, उडी मारून बसायचं, स्टार्टर मारायचा. स्टार्टर चांगला नसेल तर सगळ्यांदेखत कळणार.

दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, याच नियमांची आणि चालकांची खरी कसोटी लागली. तेव्हा बेंटलीच्या तीन गाड्या होत्या. संध्याकाळ उलटून अंधार पडत होता. ‘पांढरं घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराजवळच्या वळणावर एक फ्रेंच गाडी आडवी झाली. तिला टाळताना पहिली बेंटली उलटली, मागून दुसरी येऊन धडकली. तिसरी गाडी सॅमी डेव्हिस यांच्या हाती. वळणाच्या अलीकडे रस्त्यावर त्यांना माती आणि लाकडाच्या ढलप्या दिसल्या. मागच्या फेरीला त्या नव्हत्या. पुढे काहीतरी विपरीत झालंय हे ओळखून त्यांनी वेग कमी केला. तरी गाडी त्या ढिगाला लागलीच, पण पूर्ण मोडली नाही. डेव्हिस ती खुरडत पिटमध्ये घेऊन आले. समोरचा ॲक्सल वाकलेला, एक मोठा दिवा गेलेला, मडगार्ड लोंबतंय. मेकॅनिक बाजूला उभे, त्यांना हात लावायला परवानगी नाही. डेव्हिस यांनी दोरीने, तारेने, जे हाती आलं त्याने सगळं बांधलं. जोडीदार होते डॉ. बेंजाफील्ड, पेशाने लंडनचे डॉक्टर. त्यांनी एक टॉर्च बांधून घेतला आणि त्या उजेडात रात्र काढली. पुढे असलेली दुसरी एक फ्रेंच गाडी अखेरच्या टप्प्यात बंद पडली, आणि ही वाकडी-तिकडी बेंटली जिंकली. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात विजयाची मेजवानी झाली तेव्हा ती गाडीच मुख्य पाहुणी म्हणून दालनात आणून उभी केली.

रस्त्यावरच्या चार ढलप्यांवरून संकट ओळखणं, ही कारागिराची नजर. मशीनचा आवाज जरासा बदलला की हात आपोआप बटणाकडे जातो, तसं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती टाळता येत नाही. पिएर लव्हेग नावाचे फ्रेंच चालक होते. १९५२ मध्ये त्यांनी टाल्बो गाडी जोडीदाराला हातच लावू न देता एकट्याने चालवायची ठरवली. जवळजवळ तेवीस तास ते एकटे चालवत होते आणि चांगल्या फरकाने पुढे होते. तास-सव्वा तास उरला असताना इंजिन तुटलं, आणि विजय मर्सिडीझला मिळाला. त्याच मर्सिडीझने तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, लव्हेग यांना आपली गाडी चालवायला बोलावलं. ११ जूनला, शर्यत सुरू होऊन अडीच तासही झाले नव्हते. समोर एका गाडीने पिटमध्ये वळण्यासाठी ब्रेक मारले, तिच्या मागची गाडी बाजूला झाली आणि लव्हेग यांच्या वाटेत आली. त्यांची मर्सिडीझ तिच्यावर चढून उडाली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. लव्हेग गेले, आणि त्यांच्याबरोबर ८० हून अधिक प्रेक्षक. शर्यत थांबवली नाही. लोक एकदम निघाले तर रस्ते अडतील आणि रुग्णवाहिका पोहोचणार नाहीत, असं कारण आयोजकांनी दिलं. मर्सिडीझने रात्रीच आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. स्वित्झर्लंडने तर अशा शर्यतींवर बंदीच घातली. ल माँमध्ये पिट आणि प्रेक्षकांची जागा मोडून नव्याने बांधली गेली. त्या रस्त्याची रुंदी वेगाला पुरत नव्हती हे आधी दिसायला हवं होतं, आणि त्याची किंमत तिकीट काढून आलेल्या लोकांनी मोजली. याबद्दल बोलताना आजही माझा आवाज खाली येतो.

धावत जाऊन बसण्याच्या पद्धतीचंही तसंच. घाईत चालक सीटबेल्ट न लावताच निघत. १९६९ मध्ये बेल्जियमचे तरुण जॅकी इक्स यांनी निषेध म्हणून धावण्याऐवजी चालत गाडी गाठली, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाले. त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हे इंग्लिश चालक अपघातात गेले. त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. आणि चोवीस तासांनंतर जिंकले कोण? सर्वांत शेवटी निघालेले इक्सच, जोडीदार जॅकी ऑलिव्हरसह. दुसऱ्या गाडीपेक्षा अंतर जेमतेम सव्वाशे मीटरचं. पुढच्या वर्षी चालक पट्टा बांधून, गाडीत बसूनच निघाले.

आज फेरी १३.६२६ किलोमीटरची आहे, आणि तिचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्ता असतो. युनोदियेरचा सरळ रस्ता म्हणजे ल माँहून तूरला जाणारा हमरस्ता. १९८८ मध्ये एका गाडीने तिथे ताशी ४०५ किलोमीटर गाठले, त्यानंतर १९९० मध्ये वेग तोडण्यासाठी त्यावर दोन नागमोडी वळणं घातली गेली. तरी २०१० मध्ये जिंकलेल्या गाडीने चोवीस तासांत ५४१० किलोमीटर कापले. काश्मीर ते कन्याकुमारी रस्त्याने साधारण ३७०० किलोमीटर धरा, म्हणजे अंदाज येईल.

एका गाडीला तीन चालक. लव्हेग यांच्यासारखं एकट्याने चालवणं आता नियमातच बसत नाही. सहा तासांच्या अवधीत कुणीही चार तासांहून जास्त चालवायचं नाही, आणि एकूण चौदा तासांहून जास्त नाही. गाडी पिटमध्ये आली की इंजिन बंद. आधी इंधन, मग चाकं. इंधन भरत असतानाच चालक बदलतो. उतरणारा आपल्या अंगाच्या मापाची गादी उपसून घेतो, चढणारा आपली टाकतो, आणि उतरलेलाच वाकून त्याचे पट्टे आवळायला मदत करतो. आपली खुर्ची दुसऱ्याच्या हाती देताना दोघांचे हात किती जपून चालतात ते पाहण्यासारखं असतं. पाळी बदलताना आम्हीही असंच दोन मिनिटं मशीनपाशी उभं राहून पुढच्याला सांगायचो, अमुक टूल बदललंय, अमुक ठिकाणी लक्ष ठेव.

तीन वर्गांच्या गाड्या एकाच वेळी धावतात. सर्वांत वेगवान गाड्यांना संथ गाड्यांच्या मधून रात्रभर वाट काढावी लागते, आणि संथ गाडीचा चालक रात्रभर आरशात पाहत असतो. २०१२ मध्ये या शर्यतीत उतरलेले पहिले भारतीय, चेन्नईचे करुण चंडोक, आपल्या दोन जोडीदारांसह एकूण यादीत सहावे आले. आपल्याकडे त्याची व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही.

आणि शेवटचा झेंडा पडेपर्यंत काहीच आपलं नसतं. २०१६ मध्ये टोयोटा पहिल्या विजयाच्या दारात होती. गाडी काझुकी नाकाजिमा चालवत होते, पाच मिनिटंही उरली नव्हती, आणि रेडिओवर त्यांचा आवाज आला की गाडीत ताकदच नाही. गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अंतिम रेषेजवळ थांबली. पोर्श पुढे निघून गेली. टोयोटा कशीबशी फेरी पुरी करून आली, पण शेवटच्या फेरीला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागला म्हणून तिचं नाव निकालपत्रातही लागलं नाही. मग २०१८ मध्ये टोयोटा जिंकली, आणि जिंकलेल्या गाडीत नाकाजिमा होते.

शर्यतीच्या रविवारी मी सकाळी साडेसहाचा गजर लावतो. घरात चहाचं आधण ठेवलेलं असतं, दूधवाला येऊन गेलेला असतो. तिथे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. मी आवाज बंद करून चित्र पाहतो. आर्नाजच्या अरुंद वळणावर एक गाडी येते, ब्रेक लागतात, चाकांच्या आत तबकड्या निखाऱ्यासारख्या लाल होतात, मग विझतात, आणि तिचे मागचे दोन दिवे झाडांमध्ये दिसेनासे होतात. थोड्या वेळाने दुसरी येते. सूर्य उगवायला तिथे अजून तीन तास असतात.

नमस्कार.