पोंग्यातली आणि सरकीतली

(पहाट. परभणी जिल्ह्यातलं रब्बी मक्याचं रान. दव.)

जानेवारी. परभणीकडं पारा एखाद्या वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो. शेकोटीपाशी कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या गारठ्यात अळी मरत असंल की!"

मक्याचा पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची सुरळी, उकलून बघू.

(पोंगा, अगदी जवळून.)

भुशासारखी ओली विष्ठा. तिच्याखाली अमेरिकन लष्करी अळी. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चौकोनात चार ठिपके. हलत नाही. मेलेली नाही, गारठलीय.

थंडीवर हिच्याकडं उपायच नाही. काही किडी हिवाळ्यात खाणं, वाढणं थांबवून सुप्तावस्थेत जातात. काही अंगातल्या द्रवात ग्लिसरॉल साठवून तो गोठू देत नाहीत. लष्करी अळीला सुप्तावस्थाच नाही. तिच्या मूळ मुलखाकडं, अमेरिकेत, कडाक्याची थंडी पडली की ती मरते. दक्षिण फ्लोरिडात आणि दक्षिण टेक्सासात तेवढी तगते, आणि तिथून पतंग दरसाल उत्तरेला निघतात, थेट कॅनडापर्यंत.

२०१८ साली ती कर्नाटकात सापडली. मराठवाड्यात तिला कुठं जायची गरजच नाही. नऊ वाजता ऊन पोंग्यात उतरतं, कुरतडणं सुरू. उन्हाळ्यात महिन्यात उरकणारा जीवनक्रम थंडीत लांबतो, एवढंच.

(बांध. पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा ढीग.)

सरपणाला रचलेल्या या पऱ्हाट्या. त्यातलं एक किडकं बोंड फोडलं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. नखानं विलग केल्या, तर आत शेंदरी बोंडअळी, दुमडून बसलेली.

ही झोपणारी. दिवस लहान झाले, गारवा आला, की पूर्ण वाढलेल्या काही अळ्या कोषात न जाता अशा जोडसरकीत पडून राहतात, कित्येक महिने. फरदड राखली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कापूस न उपटता तसाच ठेवला, तर झोपायचंही कारण नाही, हिरवी बोंडं समोरच. फरदडीच्या चार पैशांचा मोह सुटत नाही, हेही समजतं.

शेंदरीची पहिली नोंद १८४३ ची, आपल्याकडच्या, गुजरातेतल्या भडोचची. १९१७ मध्ये ती टेक्सासात पोचली. तिथल्या कापसातून तिचं उच्चाटन झाल्याचं अमेरिकेनं जाहीर केलं ते २०१८ मध्येच. म्हणजे तिकडची लष्करी अळी इकडं आली, त्याच साली.

(तळहातावर सरकी. ऊन वर आलेलं.)

अळी जराशी वळवळली. ढीग अजून बांधावरच आहे.