सुईला हात शेवटी

मित्रहो, आजच्या विषयाची सुरुवात एका आजारी इंजिनापासून करतो. मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ मॉडेल विमानाचे १५ सीसीचे फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन घेऊन माझ्याकडे आले. इंजिन सुरू होत असे, पण ग्लो प्लगवरची बॅटरीची क्लिप काढली की आठ-दहा सेकंदांत आचके देत बंद पडे. त्यांनी मुख्य सुई, म्हणजे कार्बोरेटरमधले इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, पिळून पाहिली होती, आयडलचा, म्हणजे मंद गतीच्या मिश्रणाचा, स्क्रू पिळून पाहिला होता, आणि दोन्ही मुळात किती उघडे होते हे आता त्यांनाही आठवत नव्हते. बहुतेक बिघडलेल्या इंजिनांची हीच कथा असते. सुई हाताशी असते आणि फिरवायला सोपी असते, त्यामुळे दोष कुठेही असला तरी शिक्षा तिलाच होते. म्हणून प्लग, इंधन, नळ्या आणि व्हॉल्व्ह या क्रमाने तपासणी झाल्याशिवाय सुईला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे.

प्लग पहिला का, ते सांगतो. या इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तारेची गुंडाळी बॅटरीने एकदा तापवली की, मिथेनॉलच्या वाफेची तिच्या पृष्ठभागावर होणारी रासायनिक क्रिया आणि आधीच्या स्फोटाची उष्णता यांवर ती पुढे लालच राहते. टू-स्ट्रोकमध्ये हा स्फोट प्रत्येक फेऱ्याला होतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर आयडल होणाऱ्या इंजिनात सेकंदाला जेमतेम अठरा स्फोट होतात, आणि मधल्या काळात आत येणारे गार मिश्रण तारेला थंड करत असते. म्हणूनच फोर-स्ट्रोकसाठी उष्णता धरून ठेवणारा वेगळा प्लग लागतो. वरील गृहस्थांनी टू-स्ट्रोकचाच प्लग बसवला होता. तो बदलल्यावर आयडल बराच सुधारला, पण पूर्ण बरा झाला नाही.

इंधन ताजे होते. टाकीची मध्यरेषा कार्बोरेटरच्या सुईच्या पातळीच्या जवळपास होती. सिलिकॉनच्या नळीला टाचणीएवढेही छिद्र असेल, तर इंजिन, गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर, एअर घेते आणि मग कोणतीही सुई ते सावरू शकत नाही. नळी पाण्यात धरून फुंकली, बुडबुडे आले नाहीत.

मग व्हॉल्व्ह. इंजिन पूर्ण थंड असताना रॉकरवरचे झाकण काढले, दाब जाणवेपर्यंत प्रॉपेलर हाताने फिरवला, आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, थांबवला. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा तरफेसारखा भाग, आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्ये साधारण ०.०४ ते ०.१० मिलिमीटर फट हवी. त्यामुळे फट मोजायच्या पट्ट्यांपैकी ०.०४ जाडीची पट्टी सरकली पाहिजे आणि ०.१०ची अडली पाहिजे. आमच्या इंजिनात इनटेकच्या बाजूला पट्टी सहज गेली, पण एक्झॉस्टच्या बाजूला ०.०४चीही शिरेना. फटच उरली नव्हती. टॅपेट, म्हणजे ही फट ठरवणारा रॉकरवरचा स्क्रू, असा आवळलेला असला की व्हॉल्व्ह आसनावर नीट बसत नाही, दाब गळतो आणि मंद गतीला प्लग तापता राहत नाही. छोट्या पान्याने नट सैल केला, स्क्रू किंचित उलटा फिरवला, पट्टी मध्ये ठेवूनच नट आवळला आणि पुन्हा मोजले, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. बुलेटवाल्यांना हे सांगायला नको. याउलट फट जास्त झाली तर टकटक ऐकू येते, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, आणि वरच्या फेऱ्यांची ताकद जाते.

आता सुई. टू-स्ट्रोक सुरात येताना त्याचा आवाज स्पष्ट बदलतो, पण फोर-स्ट्रोक असा इशारा देत नाही, त्यामुळे कानावर विसंबू नये. टॅकोमीटर, म्हणजे प्रॉपेलरच्या पात्यांवरून फेरे मोजणारे यंत्र, वापरावा. (तो खरा आहे की नाही हे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली कळते. दोन पात्यांच्या सेटिंगवर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत तो ३,००० दाखवतो.) पूर्ण थ्रॉटलवर सुई हळूहळू आत घेत कमाल फेरे गाठावेत, आणि मग दोन-तीनशे फेरे कमी होईपर्यंत ती परत उघडावी. हे दोनशे फेरे मी एकदा सोडले नव्हते. मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त, असले की ज्वलन वेळेआधी होते आणि पिस्टनला उलटा दणका बसतो. 'टक्' असा एकच आवाज झाला, प्रॉपेलरचा नट सुटला आणि प्रॉपेलर माझ्या खांद्याच्या वरून गवतात गेला. तेव्हापासून दुहेरी लॉकनट असल्याशिवाय मी इंजिन चालवत नाही, आणि सुई फिरवताना नेहमी प्रॉपेलरच्या मागे उभा राहतो.

मुख्य सुई लागल्यावरच आयडलचा स्क्रू. आयडलला असताना इंधनाची नळी चिमटीत धरावी. फेरे जरा वाढून मग इंजिन बंद पडले तर मिश्रण थोडे रिच, म्हणजे इंधन जास्त असलेले, आहे, आणि तसेच ते हवे. लगेच मेले तर लीन आहे, आणि फेरे बराच वेळ वाढत राहिले तर फारच रिच. शेवटी विमानाचे नाक आकाशाकडे करून पूर्ण थ्रॉटल द्यावा. आवाज खचला तर सुई आणखी थोडी उघडावी.

पुण्यात लावलेले इंजिन कोकणात नेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी हवा सुमारे पाच टक्के दाट असते, त्यामुळे इथली सुई तिथे लीन पडते. थंडीतल्या सकाळीही असेच होते.

उलट्या, म्हणजे सिलिंडर खाली करून, बसवलेल्या फोर-स्ट्रोकला थेट स्टार्टर लावू नये. सिलिंडरमध्ये इंधन साचले असेल तर ते दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी हाताने दोन फेरे द्यावेत, अडले तर प्लग काढून इंधन बाहेर पडू द्यावे.

दिवसाअखेर टाकीची नळी काढून इंजिन कोरडे होईपर्यंत चालवावे. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्ल उरते. या दोघांचा पहिला घास मागचे बेअरिंग. म्हणून कार्बोरेटरमध्ये आणि क्रँककेसच्या ब्रीदर नळीतून तेलाचे काही थेंब सोडून प्रॉपेलर हाताने फिरवावा. त्या गृहस्थांचे इंजिन असे फिरवताना मागून बारीक खरखर ऐकू आली, म्हणजे बेअरिंग आधीच गंजलेले होते. ते आम्ही पुढच्या रविवारी बदलले.