मध साखरला म्हणून परत आणू नका

मंडळी, आजचा विषय मधातली पोषणद्रव्यं आणि मधमाश्या, त्यावर येतोच, पण आधी एक गोष्ट बोलून घेतो, ती बोलल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. थंडी पडली की माझ्याकडे मधाच्या बाटल्या परत यायला लागतात. तळाशी पांढरी कणी, आणि आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद! एकदा एक काकू आल्या, बाटली काउंटरवर उलटी धरली, मध हलेना, बाकीचं गिऱ्हाईक बघतंय, आणि त्या म्हणाल्या, "दादा, यात साखर आहे." म्हटलं काकू, आहेच, आमच्या मधमाशीनं बनवलेली. त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली, गॅसवर अजिबात नाही हं. चहा संपेपर्यंत काचेलगतचा मध सुटायला लागला होता, मधे पांढरा गोळा तसाच. शेवटी बाटली परत घेऊन गेल्या, पण पटलं नव्हतं, आणि मला हेच लागतं हो, चांगला मध देणाऱ्यावरच संशय येतो.

आता बघा, मधात पाणी साधारण 17-18 टक्के, बाकी जवळजवळ सगळी साखर. एवढी सगळी साखर विरघळवायला ते पाणी पुरतच नाही, म्हणून त्यातलं ग्लुकोज हळूहळू कणी धरतं, फ्रुक्टोज पातळ राहतं. 14 डिग्रीच्या आसपास हे सगळ्यात लवकर होतं. मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच थिजतो. बाजारातला मध वर्षभर काचेसारखा का दिसतो? तो तापवून अगदी बारीक गाळलेला असतो, कणी ज्याच्याभोवती धरते ते परागच निघून जातात. आणि ती ग्लासभर पाण्यात थेंब टाकायची टेस्ट सोडून द्या, साखरेचा घट्ट पाकसुद्धा तसाच तळाला जातो. तांदळाचं सिरप मिसळलं असेल तर लॅबशिवाय कळत नाही.

माशीकडे येऊ. आपल्या महाबळेश्वरकडे पेटीत पाळतात ती सातेरी. आग्या पेटीत राहत नाही, तिचं पोळं उघड्यावर, कड्याला नाहीतर उंच झाडाला. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो, कामकरी माशी तो पोटातल्या पिशवीतून आणते, तिच्या एन्झाइममुळे उसाच्या साखरेसारखी जी साखर त्यात असते ती फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग पोळ्यावर पंखांनी वारा घालून पाणी उडवायचं, आणि मध पिकला की घरावर मेणाचं झाकण. ते झाकण पडायच्या आत मध काढला की तो आंबतो, फसफसतो, घाई करणाऱ्या प्रत्येकाचा हा अनुभव आहे. एक कामकरी माशी आयुष्यभरात चमच्याचा साधारण बारावा हिस्सा मध करते, आणि आपण पोळं पिळून अंडी-अळ्यांसकट सगळं संपवतो! पिळू नका, यंत्रानं काढलेला घ्या.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत, तर पोषण भरभर सांगतो. 100 ग्रॅम मधात 304 कॅलरी, साखर 82 ग्रॅमच्या आसपास, प्रोटीन 0.3 ग्रॅम, व्हिटॅमिन सी अर्धा मिलिग्रॅम, थोडं पोटॅशियम. म्हणजे व्हिटॅमिनसाठी मध खायचा नसतो, त्याला आवळा खा. मध चवीसाठी खा, खोकल्यात घसा निवतो म्हणून खा. डायबेटिस असेल तर मध साखरेतच मोजा, 'नॅचरल आहे' म्हणून सूट नाही. माश्यांचं प्रोटीन परागातून येतं, अळ्या त्यावरच वाढतात, म्हणून फुलं संपली की नुसत्या साखरपाण्यावर पेटी फार दिवस टिकत नाही.

आणि हे नीट ऐका, बारशाला आजी मधाचं बोट चाटवतात ना, ते एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध उकळला तरी ते मरत नाहीत. घरात आजींना आजच सांगा, आणि त्या रागावल्या तर माझं नाव सांगा.