बेकरीतली रांग आणि पोपचं पत्र

नमस्कार श्रोतेहो.

मैदा, पिठीसाखर, तूप मोजून डब्यांत भरायचं, डबे पिशवीत घालायचे आणि बेकरीवाल्याकडे नानकटाईचा नंबर लावायचा, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलेलं असेल. आज ज्या गावांत जायचं आहे तिथेही घरचं सामान घेऊन बेकरीत जायची अशीच रीत होती. नानकटाईसाठी नाही, श्टोलनसाठी.

ही गावं जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी राज्यात, चेक सीमेलगतच्या एर्त्सगेबिर्गे डोंगरातली. एर्त्स म्हणजे खनिज. चांदीच्या आणि कथिलाच्या खाणींवर ही गावं वसली. डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच दिवेलागण होते, आणि खिडकीखिडकीत मेणबत्त्यांची कमान दिसू लागते. खाणकामगार उजाडायच्या आत खाली उतरायचा, अंधार पडल्यावर वर यायचा. त्याला उजेडाचं अप्रूप का, हे वेगळं सांगायला नको. आता त्या कमानींत विजेचे दिवे असतात. असोत बापडे, पण मेणबत्तीची ज्योत हलते तशी विजेची हलत नाही.

तर श्टोलन. लांबट, जड, मनुका ठासून भरलेला गोड पाव, वरून पिठीसाखरेचा जाड थर. दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू म्हणून हा आकार, असं बहुतेक जण सांगतात. खाणीच्या भाषेत मात्र श्टोलन म्हणजे डोंगरात आडवा खणलेला बोगदा. खाणवाल्यांच्या गावात कुठला अर्थ आधी आठवत असेल, तुम्हीच ठरवा.

ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट. श्टोलन त्याच्याही आधी, नोव्हेंबरातच भाजतात, कारण तो मुरावा लागतो. दोन ते चार आठवडे. पुन्हा सांगतो, ताजा खायचा नाही, मुरवायचा. लोणच्याची सवय असलेल्यांना हे लगेच पटेल.

आता प्रमाण. एक किलो मैद्याला अर्धा किलो लोणी, साडेसहाशे ग्रॅम मनुका, दोनशे ग्रॅम पाकवलेली लिंबा-संत्र्याची साल आणि दीडशे ग्रॅम बदाम. सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन, तिथला श्टोलन म्हणून विकायचा तर याहून कमी घालून चालत नाही. लिहून घेणाऱ्यांसाठी परत: मैदा एक किलो, लोणी अर्धा किलो. होय, निम्मं लोणी.

आणि लोण्याचा विषय निघालाच आहे, तर ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पंधराव्या शतकात ॲडव्हेंट हा उपासाचा काळ होता. मांस वर्ज्य, दूध वर्ज्य, लोणीही वर्ज्य. त्यामुळे श्टोलन म्हणजे पीठ, यीस्ट, पाणी आणि तेल. रोमच्या बाजूला काय, ऑलिव्हचं तेल हाताशी. सॅक्सनीच्या थंडीत ऑलिव्ह कुठून यायचं? तिथे मिळायचं ते मोहरीच्या जातीच्या बियांचं उग्र तेल. त्या तेलातला गोड पाव कसा लागत असेल, याची कल्पना करा. तेव्हा सॅक्सनीच्या राजघराण्याने थेट पोपकडे अर्ज केला: आम्हाला लोणी वापरू द्या. १४५० च्या सुमाराला पोप निकोलस पाचवे यांनी नकार दिला. निकोलस गेले, तिसरे कॅलिक्स्टस आले. तेही गेले, दुसरे पायस आले. मग दुसरे पॉल, मग चौथे सिक्स्टस. एकामागून एक पाच पोप वारले, आणि इकडे सॅक्सनीवाले तेलातलाच पाव चावत होते. सरकारी फाईल रेंगाळल्याची तक्रार आपण करतो, पण चाळीस वर्षं म्हणजे कमाल झाली.

शेवटी १४९१ मध्ये या रांगेतले सहावे पोप, आठवे इनोसंट, यांनी परवानगीचं पत्र धाडलं. ते ‘लोण्याचं पत्र’ म्हणूनच ओळखलं जातं. पण फुकट नाही हं. लोणी खायचं तर चर्चला पैसे भरायचे. तो पैसा फ्रायबर्गच्या कॅथेड्रलच्या बांधकामाला जायचा. फ्रायबर्ग म्हणजे याच भागातलं चांदीच्या खाणींचं शहर. तिथलं कॅथेड्रल १४८४ च्या आगीत जळलं होतं, ते पुन्हा उभं राहत होतं. म्हणजे भिंतीत दगड, चुना आणि थोडं लोणीही!

गोष्ट इथे संपत नाही. १५२० मध्ये याच सॅक्सनीतल्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाने हा प्रकार चव्हाट्यावर आणला. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा: रोमवाले स्वतः उपासाला हसतात, जे तेल ते जोड्यांना फासणार नाहीत ते आम्हाला खायला लावतात, आणि वर लोणी खायची परवानगी आम्हालाच विकतात. पुढे सॅक्सनी प्रोटेस्टंट झाली, म्हणजे पोपची सत्ता झुगारली, आणि उपास गेला तसा दंडही गेला. लोणी तेवढं राहिलं.

आपल्याकडे बटाटा आणि मिरची दोन्ही समुद्रापलीकडून आली आणि दोन्ही उपासाला चालतात. त्यांना परवानगी कुणी दिली? कुठे पत्र नाही, पावती नाही. एकादशीच्या ताटात बसली, झालं. नानकटाईत तुपाऐवजी डालडा घालणाऱ्यांना मात्र दंड हवाच, असं माझं मत आहे.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर. मनुका रात्रभर रममध्ये भिजवायच्या आणि कणकेत अगदी शेवटी घालायच्या. आधी घातल्या तर मळताना फुटतात आणि कणीक काळपट होते. भाजायला ठेवण्याआधी वर आलेल्या मनुका वेचून टाकायच्या, नाहीतर त्या जळतात आणि कडवटपणा उतरतो. भट्टीतून काढल्यावर गरम असतानाच वितळलेलं लोणी फासायचं, मग साखर. मात्र उचलायचा नाही. एवढ्या लोण्याचा पाव गरम असताना हातात धरला की मधोमध मोडतो. गार होऊ द्यायचा, रात्रभर फळीवरच. घरी नेताना श्टोलन मोडला तर घरात कुणाचा तरी मृत्यू, अशी त्या गावांत समजूत होती. गरम श्टोलन उचलायची घाई त्या धाकानेच टळत असावी.

बेकरीत सगळ्यांचे श्टोलन एकाच भट्टीत, मग अदलाबदल व्हायची भीती. म्हणून घरोघरी पत्र्याचे छोटे बिल्ले असत, त्यावर अक्षरं किंवा घराचा क्रमांक. बिल्ला कच्च्या कणकेत खोचून द्यायचा. आपण भांड्यावर नाव घालतो, तसंच.

जर्मनीची फाळणी झालेली असताना, पूर्व जर्मनीच्या काळात, संत्र्या-लिंबाची साल मिळेना, तेव्हा गाजर आणि हिरवे टोमॅटो पाकवून घालत. कच्च्या पपईची टुटीफ्रुटी खाऊन मोठ्या झालेल्यांनी त्याला नावं ठेवू नयेत. पश्चिमेकडच्या नातेवाइकांकडून मनुका-बदामाचं पार्सल यायचं आणि परतफेडीला इकडून भाजलेला श्टोलन जायचा.

शेवटचं, कापण्याचं. सुती कापडात गुंडाळून थंड खोलीत मुरलेला श्टोलन टोकाकडून कापायचा नाही. मधोमध कापायचा, हवे तेवढे काप काढायचे आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवायचे. कापलेली बाजू आत राहते, वाळत नाही. पुन्हा सांगतो, मधोमध.

नमस्कार.