ताटली रिकामी, मांजर हडकुळं

नमस्कार, श्रोतेहो. वर्ष-दीड वर्षाचं घरचं मांजर. कुरवाळताना कण्याचे मणके हाताला लागले, की आधी वजन करा. टोपलीत बसवून, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, दर रविवारी. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. साठ किलोचा माणूस सहा किलोंनी उतरावा तसं.

आता गोव्यात बार्देशातल्या एका घरची हकिकत ऐका. सकाळी मागच्या दारी मनीला शीत-नुस्तं, म्हणजे भात-मासे, वाढायचं आणि सगळ्यांनी कामाला जायचं. दुपारी ताटली लख्ख. तरी मनी वाळतच चालली. जंताचं औषध झालं, आजीनं दृष्टही काढली. शेवटी सुनेनं ताटलीभोवती तांदळाचं पीठ भुरभुरलं. संध्याकाळी पाहते तो पावलं दोन मापांची! बारीक पावलं ताटलीपर्यंत येऊन मागं वळलेली, रुंद पावलं ताटलीच्या चारी बाजूंनी. शेजारचा बोका रोज जेवून जात होता. मग मनी जेवत का नव्हती? रविवारी सगळे समोर बसले. मनीनं वास घेतला, एकदा चाटलं, मान झटकली आणि पंजानं गाल घासू लागली. एका बाजूनं लाळ. डॉक्टरांनी भूल देऊन तोंड उघडलं, तर टाळूवर, दोन्हीकडच्या दाढांमध्ये, बांगड्याच्या काट्याचा तुकडा आडवा रुतलेला. चिमट्यानं काढला. रात्री मनीनं पेज चाटूनपुसून संपवली.

म्हणून सांगतो, ताटली रिकामी म्हणजे मांजर जेवलं असं नव्हे. समोर बसून बघा. काटा दिसला तरी घरी ओढू नका. दोरा दिसला तर मुळीच नको. त्याचं दुसरं टोक आतड्यात असलं तर आतडं कापलं जातं.

आणि शिजलेल्या माशाचे काटे मांजराला घालणं याला लाड म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून खारा बांगडा घालणारेही आहेत. तेवढं मीठ मांजराला कशाला? कोंबडीचं उकडलेलं, बिनहाडाचं मांस द्या, किंवा तयार कॅटफूड.

जेवूनही वाळत असेल तर जंत असू शकतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर फीतकृमी. तो पिसवांतून येतो, म्हणून पिसवा मारल्याशिवाय गोळी पुरत नाही. पण कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर जिवावर बेततं. ताप उतरत नसेल, पोट फुगत असेल, तर एफआयपीची, म्हणजे मांजरांच्या एका विषाणूजन्य आजाराची, शंका घेऊन रक्ततपासणी. दोन वर्षांखालच्या मांजरांत तो जास्त आढळतो.

पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. जाताना ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत न्या. लगेच जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि डबीवर तारीख घाला.